कैरोच्या माणसाची मुलगी

मळवली,
नोव्हेंबरअखेर

प्रिय कैलास,

फोनवर आपण जे बोलतो ते आता मला तोंडपाठ झालं आहे. गॅस आला का, आबांच्या गोळ्या आणल्यास का, मीटर बघायला माणूस येऊन गेला का. मग तू म्हणतोस, "बरं, ठेवू?" आणि मी म्हणते ठेव. त्यानंतर थोडा वेळ फोन माझ्या हातातच असतो. म्हणून आज कागद घेऊन बसले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून एवढं सलग लिहिलेलं नाही, अक्षर बिघडलं आहे, सांभाळून घे.

आधी घरचं सांगते. भात घरात आलं. इंद्रायणी यंदा चांगला भरला, फक्त शेवटच्या पावसानं खालच्या खाचरातलं आडवं झालं होतं, ते आबांनी स्वतः बांधावर बसून कापून घेतलं. ऐंशी ओलांडलेला माणूस, खुर्ची टाकून बसतो आणि रस्त्यानं कोणी ओळखीचं येताना दिसलं की लगेच उठून उभा राहतो. विसापूरच्या पायथ्याला आणखी दोन बंगले उठले आहेत. एकाला पोहायचा तलाव आहे, मालक मात्र अजून कोणी पाहिलेला नाही. शनिवार-रविवार तिथं गाणी वाजतात, बाकीचे दिवस गाड्यांचा आवाज तेवढा. पुण्याहून येणारी लोकल थांबली की आबा अजून मान वळवून रस्त्याकडे बघतात. परवा मला म्हणाले, "कैलासला कळीव, म्हनावं झोडनी झाली. आता कामाला बोलवत न्हाई कुनी. नुस्ता जेवायला ये." मी हो म्हटलं. त्या दिवशी तुझा फोनही आला. मी सांगितलं नाही.

तू जुन्या अरबी अर्थविचारावर पुस्तक लिहितो आहेस, आबांना त्यातलं एकच माणूस ठाऊक आहे, बगदादचा न्यायाधीश. तुला आठवतं का, आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत तू ओसरीवर बसून त्यांना सांगत होतास, की बाराशे वर्षांपूर्वी खलिफानं एका न्यायाधीशाला विचारलं, शेतकऱ्याकडून सारा कसा घ्यावा. न्यायाधीशानं लिहून कळवलं, जमिनीवर ठरावीक आकडा बांधू नका, पिकाचा वाटा घ्या. पीक बुडालं तर तुमचाही वाटा बुडेल, पण माणूस जमीन सोडून पळणार नाही. आबा तंबाखू मळत होते. ते थांबले आणि म्हणाले, "त्यो शेतकऱ्याच्या घरचा आसंल." तू म्हणालास, नाही, गरीब घरातला होता असं म्हणतात, पण शेती नव्हती. आबा म्हणाले, "मंग त्याची आई तरी शेतावर जात आसंल." तू किती हसला होतास. मी आत भाकरी थापत होते आणि मला वाटलं होतं, बरं झालं, मी या घरात आले.

खरं तर तुझ्या या विषयाशी माझी ओळख तुझ्याशी ओळख झाली त्याच दिवसाची. मी लोणावळ्याला गाडीत बसायचे, तू मळवलीला चढायचास, दोघंही विद्यापीठात, मी मराठीला, तू अर्थशास्त्राला. तू शेजारी बसलास आणि काही ओळखपाळख नसताना विचारलंस, "तुम्ही मराठीच्या ना? जकात हा शब्द कुठला?" मी म्हटलं, फारसी असावा. तू म्हणालास, मूळ अरबी. मग सांगितलंस, की लहानपणी आबांबरोबर टेम्पोत तांदळाच्या पोत्यांवर बसून पुण्याला जायचास तेव्हा वेशीवर जकात नाका लागायचा. खाकी कपड्यातला माणूस पोत्यात लोखंडी सळई खुपसायचा आणि आबा कधी नव्हे ते गप्प उभे राहायचे. आणि आता तू कुठंतरी वाचलं होतंस, की ज्या गावचा हा शब्द, तिथं त्याचा अर्थ होता आपल्या संपत्तीतला गरिबाचा हिस्सा, जो काढून दिल्यावर उरलेली संपत्ती शुद्ध होते. "मग हा हिस्सा आमच्या आबांच्या पोत्यात सळई घालायला कसा आला?" असं तू मला विचारलंस, जणू मीच नाक्यावर बसत होते. माझ्या वडिलांचं चिक्कीचं दुकान, मला जकात म्हणजे शेंगदाण्याच्या पोत्यांवरचा खर्च एवढंच माहीत. पण शिवाजीनगर येईपर्यंत मी तुझ्याकडे बघत होते.

पुढं तू कॅम्पातल्या मौलवीसाहेबांकडे अरबी शिकायला जायला लागलास, तेव्हा तुला सगळ्यांनी विचारून झालं, तुला काय करायचंय त्यांचं? तू कधी चिडला नाहीस. म्हणायचास, महसूल, वसूल, तहसील, खरीप, रब्बी, नफा, हिशेब, एवढे शब्द बाजूला ठेवा आणि मग आमच्या आबांना शेतीबद्दल दोन वाक्यं बोलून दाखवू द्या. चिडायचास ते फक्त त्या युरोपातल्या मोठ्या पंडितावर, ज्यानं लिहून ठेवलं की तेराव्या शतकाआधीची पाचशे वर्षं अर्थविचारात काही घडलंच नाही. "बगदादपासून कैरोपर्यंत माणसं बाजारात उभी राहून विचार करत होती आणि याला पोकळी दिसली," असं म्हणत तू घरभर फिरायचास. मी म्हणायचे, बस आता, आमटी निवते आहे.

एकेक माणूस तू घरी आणलास. कोणी पाहुणे राहायला आल्यासारखे ते आपल्या बोलण्यात राहायचे. इराणातल्या तूस गावचा तो विद्वान, ज्यानं लिहिलं की पैसा आरशासारखा असतो, त्याला स्वतःचा रंग नाही म्हणून त्यात सगळे रंग दिसतात, आणि पैशानंच पैसा मिळवायला लागलो की आरसा आरसा राहत नाही. ट्युनिसचा तो इतिहासकार, जो म्हणायचा की राज्य नवं असताना कर थोडे असतात आणि तिजोरी भरलेली असते, जुनं झालं की कर वाढतात आणि तिजोरी रिकामी. आपली मानसी त्याला "बाबांचा ट्युनिसवाला" म्हणायची. ग्रामपंचायतीनं घरपट्टी वाढवली तेव्हा तिनंच आल्याबरोबर ओसरीवरून ओरडून सांगितलं होतं, "बाबा, तुमचा ट्युनिसवाला बरोबर निघाला." आणि पुस्तक पुरं व्हायला वेळ लागतो म्हणून तुला चिडवायची, की तुम्ही चौदाव्या शतकात आहात, मी वकील होऊन निवृत्त होईन तेव्हा विसाव्यात पोचाल.

बघ, नाव लिहिलं. फोनवर तू घेत नाहीस म्हणून मीही घेत नाही. इथं कागदावर जरा सोपं जातं.

तू हैदराबादला गेलास ते कामासाठी, हे मी सगळ्यांना सांगते आणि ते खोटंही नाही. शेवटच्या प्रकरणासाठी तुला तिथं जायलाच हवं होतं. शंभर वर्षांपूर्वी त्या शहरात बिनव्याजी पतपेढ्या निघाल्या, तिथं आणि अलीगढला बसून लोकांनी या जुन्या विचारांना एक वेगळं शास्त्र म्हणून, इस्लामी अर्थशास्त्र असं नवं नाव दिलं, मग पुढं बँका निघाल्या. तुला शोधायचं होतं, की या नव्या शास्त्रात जुन्या माणसांचं किती उरलं आणि गेल्या शतकाच्या राजकारणाचं किती शिरलं. मला हे सगळं कळतं. मला "तूही चल" म्हणालास तेही आठवतं. मी आले नाही, कारण मानसी ज्या घरात वाढली ते घर सोडून दुसऱ्या गावी भाड्याच्या खोलीत मला तिची आठवण कशी काढावी ते समजेना. तू वर्षभरासाठी गेलास. आता तीन वर्षं होऊन गेली. दिवाळीला येतोस, आबांच्या पाया पडतोस, छपराची कौलं बघतोस, परत जातोस. यंदा तेवढ्यापुरताही आला नाहीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या आठवड्यात तुझी करिष्मा आली होती. भुशी धरणाच्या वरच्या वाडीवरची, शिदूची मुलगी, जिला तू बी.ए.ला शिकवलंस. आता पुण्यात संशोधन करते, चष्मा लागला आहे, अरबी तुझ्यापेक्षा बरी वाचते असं तीच म्हणाली. लोणावळ्याच्या कॉलेजात तिचं व्याख्यान होतं आणि ती मुद्दाम मळवलीला उतरून मला न्यायला आली. "मॅडम, सर नाहीत, निदान तुम्ही पुढं बसा, नाहीतर माझी बोबडी वळंल," म्हणाली. मी गेले. निळी साडी नेसले, ती तू आणलेली.

छान बोलली रे. सुरुवात तिनं दमास्कसच्या त्या विद्वानापासून केली. मुलांना म्हणाली, "पावसाळ्यात भुशीला माझी आई कणसं भाजते. मंगळवारी तुम्ही वीस रुपयांना घेता आणि गप खाता. रविवारी पन्नास म्हटलं की म्हणता, लुटतात हे लोक. सातशे वर्षांपूर्वी एका माणसानं लिहिलंय, की भाव चढला म्हणजे दर वेळी कुणी पाप केलेलं असतंच असं नाही. कधी माल कमी असतो, कधी घेणारे जास्त असतात. रविवारी तुमीच जास्त असता." मुलं हसली. मग ती कैरोला आली.

कैरोचा तो माणूस तुझ्याकडून मी कितीदा ऐकला होता. बाजारावर देखरेख ठेवणारा अधिकारी, वजनं-मापं तपासणारा, भेसळ पकडणारा. त्याच्या काळात नाईलला पाणी आलं नाही, दुष्काळ पडला, आणि त्यानं एक लहानसं पुस्तक लिहून सांगितलं की हा दुष्काळ नुसता आभाळाचा नाही. लाच देऊन विकत घेतलेली पदं, कुळांवर वाढवत नेलेला खंड, आणि चांदी नाहीशी होऊन बाजारात ओतलेली तांब्याची नाणी, या तीन गोष्टींनी माणसं मारली. हे मला माहीत होतं. करिष्मानं पुढं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "दुष्काळाच्या मागोमाग प्लेग आला. त्यात या माणसाची मुलगी गेली. त्यानंतर थोड्याच काळात त्यानं हे पुस्तक लिहिलं. भाव, नाणी, खंड, सगळं आहे यात. मुलीबद्दल, मी वाचलंय त्यात तरी, एक अक्षर नाही."

मी पुढच्या रांगेत बसले होते, त्यामुळे उठून जाता आलं नाही. पुढं ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. मला आपली बाहेरची खोली दिसत होती. मानसीला जाऊन महिना झाला नव्हता आणि तू तिथं बसून तांब्याच्या नाण्यांवर लिहीत होतास. मी करोनाच्या तापातून उठले होते, भिंत धरून चालत होते, आणि दारात उभी राहून तुझी पाठ बघायचे. तुझी बोटं चालत होती. पूर्वी प्रत्येक पान तू मला वाचून दाखवायचास, त्या महिन्यात एकही दाखवलं नाहीस. मला वाटायचं, या माणसाला कसं सुचतं? आबा म्हणायचे, "लिवू दे त्याला." मी ते ऐकलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही. आपल्या दोघांमध्ये जे काही पडलं ते तिथं पडलं, त्या पाठीपाशी.

व्याख्यानानंतर करिष्मा मला सोडायला स्टेशनवर आली. बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, ही मुलीची गोष्ट तुला कुठं मिळाली? ती म्हणाली, "सरांनीच सांगितली, मॅडम. मी दुसऱ्या वर्षाला होते." मग चष्मा काढून पुसायला लागली. मी म्हटलं, बोल. तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी मानसीताई आली होती वर्गात. मागं बसली होती. तिनं हात वर करून विचारलं, सर, मग त्यानं मुलीबद्दल का नाही लिहिलं? ती स्वतःच्या बाबांना 'सर' म्हणाली म्हणून सगळे हसले. सर न्हाई हसले. म्हणाले, मला माहीत नाही. कदाचित तिच्याबद्दल लिहिता येत नव्हतं म्हणूनच बाकीचं सगळं लिहिलं असेल."

माझी गाडी आली आणि गेली. करिष्मा माझ्या शेजारी बसून राहिली. पुढच्या गाडीनं मी घरी आले. आबांनी विचारलं, "का ग, उशीर?" मी म्हटलं, बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटं स्वतः घेतली.

कैलास, म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. तू त्या खोलीत बसून कैरोच्या माणसाबद्दल लिहीत होतास तेव्हा त्याला मुलगी होती हे तुला ठाऊक होतं. मानसीनं तो प्रश्न तुला विचारला होता हे तुला ठाऊक होतं. आणि मला तू काहीच सांगितलं नाहीस. राग येतो मला, अजून येतो. पण चार वर्षं मी ज्या माणसावर रागावले होते तो वेगळा होता. मला वाटत होतं तू तिला बाजूला ठेवून लिहीत होतास. तू तर तिच्याशेजारीच बसून लिहीत होतास आणि मी दारात उभी होते.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी आबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ज्याचं त्याला बोलता येत न्हाई. कुनीतरी जाऊन बसावं लागतं." तेवढंच बोलले आणि खळ्याकडे गेले. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, जेवणाचं शेजारच्या लीलाबाई बघतील, मी बोललोय. तुझ्याकडे यायचं मनात आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

तर मी हैदराबादला येते आहे. पुढच्या शुक्रवारी पुण्याहून निघेन, शनिवारी सकाळी पोचेन. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, कशाला, खोली लहान आहे, मीच येतो की संक्रांतीला. म्हणून सांगितलं नाही. तुला परत न्यायला येत नाही. तुझं काम तिथं आहे, ते होऊ दे. माझं एकच काम आहे. मानसी गेली त्या दिवशी मी आणि आबा इथं तापात पडलो होतो आणि तू एकटा पुण्याला, हॉस्पिटलच्या आवारात उभा होतास. नर्सबाईंनी आतून फोन लावून मानसीच्या कानाशी धरला होता, हे तू मला सांगितलंस. ती काय बोलली ते सांगितलं नाहीस. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू म्हणालास, "फार काही नाही," आणि खोलीत गेलास. ते जे काही फार नाही, ते मला हवं आहे. एक शब्द असला तरी हवा आहे. या चार वर्षांत मी दुसरं काही मागितलेलं नाही, आणि आता मला कळलं आहे की तू ते माझ्यापासून लपवलं नाहीस, तुझ्या तोंडून ते निघालं नाही. मी आल्या आल्या विचारणार नाही. तू मला आधी तांब्याच्या नाण्यांचं सांग. चांदी कुठं गेली, भाकरी किती महाग झाली, सगळं सांग, मला घाई नाही. मी समोर बसून ऐकेन. सांगता सांगता कधीतरी तू तिच्यापाशी येशील, तेव्हा थांबू नकोस.

तुझीच,
सविता